जोत्याखाली

रंग नवा होता. वास अजून खिडक्यांत अडकलेला.
तायडे नवरा-बायको खोल्या मोजत फिरत होते,
कपाट इथे, पाळणा तिथे,
आणि मी विचारलं, खाली जायची वाट कुठून?

नेहेतेकाका हसले. "खाली काय पाह्यतं बाई,
तठी तं काहीच नाही."

ते काहीच नाही, तेच तर बघायचं असतं मला.
बावीस वर्षं भुसावळात लोकांची घरं तपासतेय.
भिंतीला रंग देता येतो, फरशीवर सतरंजी टाकता येते.
जोत्याखाली कोणी पाहुण्याला नेत नाही,
म्हणून तिथलं घर आवरलेलं नसतं.

मागे, धुण्याच्या दगडापलीकडे, दोन फुटांचं लोखंडी दार.
कुलपाला तेल होतं.
ते लक्षात ठेवलं.

ओढणी कमरेला, बॅटरी दातांत,
कोपरांवर सरकत आत गेले.
बाहेर वैशाख सेहेचाळीस अंशांवर,
आत माठाच्या पोटातला गारवा.
काकांच्या वडिलांनी, लोको शेडमधल्या फिटरने,
साहेबाच्या बंगल्याचं पाहून घर वर उचललेलं.
खाली काळी माती. तिचा भरवसा नाही,
पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी फाटते.
वर भंगारातले रूळ, रुळांवर शहाबादी.
मी रुळांखाली उताणी झोपले
आणि माझ्यावरून माणसं जाऊ लागली.

तायडेबाईंची पावलं सावकाश. सातवा महिना.
तिच्या टाचेखाली एक रूळ बारीक कुरकुरला.
मग तायडेंचे बूट. मग काकांची काठी,
स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला वळसा घालून गेली.

स्वतःच्या घरात माणूस वळसा का घालतो?

सरकले तिकडे.
मोरीचा पाईप घाम फुटल्यासारखा ठिबकत होता,
कधीपासून, कोण जाणे.
मातीची एक नस विटांवरून वर चढलेली,
वाळवी, दाराच्या चौकटीकडे निघालेली.
आणि कोपऱ्यातला खांब मातीबरोबर खाली बसलेला,
रुळापासून चार बोटं सुटून.

त्या चार बोटांत पाचरी होत्या.
सागवानी, हाताने तासलेल्या, एकीवर एक,
प्रत्येकीवर सुताराच्या पेन्सिलीने साल.
सगळ्यात जुनी नव्याण्णवची.
शेवटची गेल्या उन्हाळ्यातली, तिरकी बसलेली,
हात थरथरला असावा.
तिच्यावर पत्रा सरकेल एवढी फट. ती यंदाची.
बाजूला गोणपाट, अर्धी मेणबत्ती,
गुडघ्याला चोळायच्या मलमाची चपटी डबी.

म्हणजे हा पंचाहत्तरीचा माणूस
दर वैशाखात, बायकोची दुपारची झोप बघून,
पोटावर सरपटत इथे येत होता.
लपवलं होतं त्याने. सांभाळलंही होतं.
माझ्या फॉर्मवर दोन्हींसाठी मिळून एकच रकाना आहे.

बाहेर आले तर ते दारापाशीच उभे,
हातात पाण्याचा तांब्या.
"यंदा जमलं नाही," म्हणाले. "गुडघे."

मी लिहिलं ते असं:
आग्नेय कोपरा, खांब सुटलेला, पाया खणून नव्याने बांधणे.
पाईप बदलणे. वाळवीचं औषध, लगेच.
पाचरींवर भरवसा ठेवू नये.
खर्च अंदाजे एक लाख साठ हजार, किमतीतून वजा.

तायडेबाईंनी दोनदा वाचलं. "मग घेऊ नये का?"
म्हटलं, घ्या की. याचं दुखणं कुठे आहे ते कळलंय.
जिथे मला खाली जाऊ देत नाहीत
त्या घरात मी चहासुद्धा पीत नाही.

काकांनी जुडग्यातून एक किल्ली सोडवली,
ती सकाळी दाखवायची राहिली होती.
मी गाडीला किक मारली तेव्हा
ते तायडेंना तळहात तिरका धरून दाखवत होते,
पाचर कोणत्या बाजूने ठोकायची.